अंतरपाटामागचा आवाज

श्रीगोंद्याच्या आमच्या वाचनालयात त्या संध्याकाळी जेवढी माणसं जमली, तेवढी पुस्तकांसाठी कधीच जमली नव्हती. खिडक्यांच्या गजांना पोरं लटकली होती. ओट्यावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले लोक हातपाय न धुताच मागं उभे होते, कारण धुवायला पाणी नव्हतं. समोर चौथऱ्यावर छातीएवढ्या उंचीची, झेंडूच्या माळा घातलेली एक शिसवी पेटी उभी होती आणि तिच्यापुढं उदबत्ती जळत होती. लाऊडस्पीकरला उदबत्ती लावलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"याला भोंगा म्हणू नका," ती पेटी विकायला आलेले रेशमी झब्ब्यातले नादाचार्य राधाकृष्ण हात जोडून म्हणाले. "हा नादसिंधू आहे. याचं लाकूड ज्या झाडाचं, त्या झाडावर शंभर वर्षं कोकिळा बसत होत्या. त्यांचा स्वर लाकडात मुरलाय. आणि ही तार पाहा. तांबं पौर्णिमेला ओतलं, रेशमात गुंडाळलं. साध्या तारेतून आवाज येतो. हिच्यातून येतो प्राण!"

"ऑ!" ओट्यावरून आवाज आला.

नादसिंधूच्या शेजारी तुलनेसाठी रज्जाकची पेटी ठेवली होती. रज्जाक लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर लावायचा. त्याची पेटी हिरव्या रंगाची, प्लायवूडची. तिच्यावरच्या 'शुभविवाह' या अक्षरांपैकी निम्मी पोपडे होऊन गळाली होती. टेबलावर ग्रामोफोन होता आणि नादाचार्यांच्या हाताशी काळ्या डबीत एक खटका. खटका डावीकडे केला की रज्जाकची पेटी वाजे, उजवीकडे केला की नादसिंधू.

त्यांनी सनईची तबकडी लावली. "आधी हे मढं ऐका." खटका डावीकडे. रज्जाकची पेटी वाजू लागली. "ऐकलंत? नाकात बोलल्यासारखं. आता डोळे मिटा. वादकाचा श्वास ऐकू येईल. मनात भाव असेल तर मोगऱ्याचा वाससुद्धा येईल." खटका उजवीकडे.

खरंच सनई फुलून आली. ओट्यावरच्या गोजरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आला गं बाई वास! मोगराच हाय!"

आबासाहेब, वाचनालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष, उसाचे मोठे बागायतदार, ताडकन उठले. "ठरलं! पाडव्याला नादसिंधूची स्थापना. ही खोली आता नादमंदिर. नगरच्या लोकांनी बघायला यावं असं काहीतरी आपल्या गावात पाहिजे."

भिंतीला लागून माझी पुस्तकं पोत्यांत भरून ठेवली होती. खोली मोकळी हवी म्हणून आबासाहेबांच्या गड्यांनी कपाटं सकाळीच रिकामी केली होती. मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंड उघडण्याआधी तीन वाक्यं मनात घोकावी लागतात आणि बोलताना चौथंच बाहेर पडतं. तरी मी उठलो.

"आबासाहेब, पण... पुस्तकं?"

"मार्केटच्या गोदामात नेऊ की, नाना."

"तिथं उंदीर..."

नादाचार्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गोड हसले. "ग्रंथपालांना नादाची गोडी कशी कळणार? पुस्तकांत राहून राहून यांच्या कानांना वाळवी लागलीय!"

सगळी खोली हसली. खिडकीतली पोरं तर गजावरून पडता पडता वाचली. मी खाली बसलो. पण हसण्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. नादसिंधूची सनई मलाही गोड वाटली होती. मग मी कुठल्या तोंडानं भांडणार?

रात्र तळमळण्यात गेली. सकाळी उठलो तेव्हा माझी बहीण मुक्ताबाई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि कोनाड्यात रेडिओ चालू होता.

"अक्का, आज गाणारा कोण आहे? नेहमीपेक्षा गोड लागतोय."

"नेहमीचाच मेला. थापताना मला ऐकू येईना म्हणून बटण जरा पिरगाळलं."

मी तसाच उभा राहिलो. मग भिंतीकडं तोंड करून म्हणालो, "अक्का, बटण थोडं कमी कर. अगदी थोडं. आता थोडं वाढव. मला सांगू नकोस."

"हाताला पीठ हाय माझ्या!"

"कर गं."

तिनं कुरकुरत केलं. जेव्हा जेव्हा तिनं बटण किंचित वाढवलं, तेव्हा तेव्हा मला आवाज मोठा वाटला नाही. जास्त मोकळा वाटला, जास्त गोड वाटला. जास्त वाढवलं तर मात्र लगेच कळायचं. सगळी गंमत त्या किंचितमध्ये होती.

"काय लावलंय हे?" अक्का म्हणाली. "कालपास्नं तोंड पाडून बसलायस, आन् आता भिंतीशी बोलतोयस."

मी चहा न घेताच वाचनालयात गेलो आणि पोती उपसू लागलो. ध्वनिशास्त्राचं एक जुनं पुस्तक होतं, वर्षानुवर्षं कुणी न मागितलेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: दोन आवाजांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा जोर सारखा करा, आणि कोणता आवाज कुठला हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला सरस वाटतो, आणि जे ऐकू येणार असं सांगितलेलं असतं ते मनाला ऐकू येतं.

मी रज्जाकच्या दुकानात गेलो. तो हिरव्या पेटीवरची धूळ पुसत होता.

"रज्जाक, काल तुझी पेटी हळू वाजत होती का?"

"मलाबी तसंच वाटलं, नाना. लग्नात ती कदी अशी कण्हत न्हाई. म्हटलं, एवढ्या बड्या पावण्यापुढं दबली आसंल." तो कडवट हसला. "काल रातीच दोन लग्नवाले येऊन बोलून गेले. म्हनले, तुज्या पेटीतून मढं बोलतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो तर म्हनतील धंदा बुडाला म्हनून ओरडतोय. तुमी बोला. आबासायबांच्या घरी जाऊन शांतपनं सांगा."

शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मी मात्र रात्रभर ते हसणं ऐकत होतो.

"घरी नाही," मी म्हणालो. "त्याच खोलीत. तेवढ्याच माणसांसमोर."

रज्जाकनं माझ्याकडं नीट पाहिलं. "नाना, तुमाला राग येतो हे मला म्हाईत नव्हतं."

मलाही नव्हतं.

पाडव्याला पुन्हा खोली भरली. भटजी पूजेची पिशवी घेऊन आले होते. पोती दारापाशी सरकवली होती. बाहेर ती न्यायला बैलगाडी उभी होती. नादाचार्य आज आणखी रंगात होते.

"कुणाला शंका असेल तर डोळे बांधा! मध्ये भिंत घाला! नादसिंधू आंधळ्यालाही ओळखू येईल!"

याचीच मी वाट पाहत होतो. उठलो. घोकलेली वाक्यं पळून गेली.

"मग... मग पडदा धरू या का?"

"वाळवीवाले काका!" नादाचार्य हसले, लोकही हसले. "धरा की. शंका फिटू द्या." त्यांचा हात खटक्यावर होता. पडदा धरला तरी खटका त्यांच्याच ताब्यात राहणार होता, म्हणून ते निर्धास्त होते.

"पडदा कुठाय पण?" आबासाहेबांनी विचारलं.

भटजींनी पिशवीत हात घातला. "अंतरपाट आहे. लगीनसराईत पिशवीतच असतो."

"झकास!" चहावाला गोरक्षनाथ ओरडला. "ह्यो हिरवा नवरा, ती शिसवी नवरी!"

दोघांनी दोन टोकं धरून अंतरपाट ताणला. रज्जाक आणि मी त्याच्या मागं गेलो.

"पेट्या हलवायच्या नाहीत हं!" नादाचार्य ओरडले.

"हलवत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. आम्ही पेट्या हलवल्या नाहीत, फक्त तारा बदलल्या. रज्जाकनं रेशमी तार काढून हिरव्या पेटीला लावली आणि साधी तार नादसिंधूला.

सनई सुरू झाली. खटका डावीकडे. "ऐका! तेच मढं. लग्नात हे वाजतं म्हणून संसार मोडतात." हशा. खटका उजवीकडे. "आणि हा नादसिंधू! ऐकलात श्वास? कोकिळांचा मुरलेला स्वर? या प्लायवूडला सात जन्मांत हे जमेल का?"

"वाहवा!" आबासाहेब म्हणाले.

"मोगरा!" गोजरबाई म्हणाल्या.

रज्जाकनं मला कोपरानं ढोसलं. मी मान हलवली. अजून नाही. त्याला आणखी बोलू दे. नादाचार्य बोलत राहिले. स्वर्ग, गंधर्व, सगळं झालं. त्यांचा प्रत्येक शब्द मला गुळासारखा लागत होता. मग मी अंतरपाटावरून मान वर काढली.

"सावधान!" गोरक्षनाथानं आरोळी ठोकली, आणि अंतरपाट खाली आला.

रेशमी तार हिरव्या पेटीत गेलेली होती. रज्जाकनं ती उपटली. सनई बंद. पुन्हा लावली. सनई सुरू. 'शुभविवाह'च्या उरलेल्या अक्षरांमागून कोकिळांचा मुरलेला स्वर येत होता.

मग नादाचार्य किंचाळले, "तार! पाहिलंत? माझ्या तारेचा गुण! तिनं प्लायवूडमध्येसुद्धा प्राण ओतला!"

लोक एकमेकांकडं पाहू लागले. आबासाहेबांनी मान डोलवायला सुरुवात केली. तारेतच काही असेल तर? पुस्तक जुनं होतं, मी त्याहून जुना.

"तारच असेल," मी म्हणालो, आणि माझा आवाज फाटला. "तर मग... खटका उघडायला काय हरकत आहे?"

नादाचार्यांनी डबीवर दोन्ही हात ठेवले. "विलायती आहे ती. धूळ जाईल."

"पुसून देतो," रज्जाक म्हणाला. त्यानं खिशातून पेचकस काढला.

"उघड रे," आबासाहेब हळूच म्हणाले.

झाकण निघालं. उजवीकडची वाट मोकळी होती. डावीकडच्या वाटेत बारीक तारेचं घट्ट वेटोळं बसवलेलं होतं. "ह्यानं आवाज अडतो," रज्जाकनं ते सगळ्यांना दाखवलं. "थोडाच. ज्या पेटीला मढं म्हनायचं, तिचं नरडं आदीच आवळलेलं."

त्यानं वेटोळं काढून वाट सरळ जोडली. पुन्हा अंतरपाट धरला. आबासाहेबांनी नादसिंधू म्हणून हिरवी पेटी ओळखली. गोजरबाईंनी आधी एक सांगितली, मग दुसरी, मग म्हणाल्या, "दोन्हीतबी सनईच हाय की रं!"

"आता तुम्ही ओळखा, नादाचार्य," मी म्हणालो.

ते झब्ब्याच्या बाहीनं कपाळ पुसत राहिले.

रज्जाकनं शेवटी नादसिंधूची पाठ उघडली. आत त्याच्याच पेटीतल्यासारखा, त्याच शिक्क्याचा लाऊडस्पीकर होता, आणि पेटी वजनदार वाटावी म्हणून तळाशी वाळूची गोणी.

माणसं चिडली. कुणी म्हणालं, धिंड काढा. कुणी चप्पल काढली. आबासाहेब शरमेनं लाल झाले होते. "नाना, तुम्हीच सांगा याचं काय करायचं."

मी यावर आधीच विचार करून ठेवला होता.

"मारू नका," मी म्हणालो. "त्यांना पोती उचलू द्या."

आणि नादाचार्य राधाकृष्णांनी रेशमी झब्ब्यात एकेक पोतं पाठीवर घेऊन दारापासून कपाटापर्यंत वाहिलं. एकेक पुस्तक मी सांगेन त्या खणात लावलं. ध्वनिशास्त्राचं मी त्यांच्या हातात अगदी शेवटी दिलं. "हे खालच्या खणात. जपून, वाळवी लागेल." या वेळी कुणी मोठ्यानं हसलं नाही, पण मला पुरलं. संध्याकाळपर्यंत झब्ब्याचा रंग पोत्यासारखा झाला होता. मला दया आली नाही. यावी असं वाटत होतं, पण आली नाही.

त्यांच्या वाळूच्या गोणीतून मी आग विझवायच्या वाळूची लाल बादली भरून घेतली. ती अजून वाचनालयाच्या दारापाशी टांगलेली आहे.

मी बोलका माणूस नाही आणि माझं म्हणणं चुकूही शकतं, म्हणून एवढंच सांगतो. पुढच्या वेळी कुणी तुमच्यापुढं पेटी, अंगारा, औषध किंवा माणूस ठेवेल आणि काय जाणवणार ते आधीच सांगेल, तेव्हा त्याला थांबवा. मध्ये एक पडदा धरा. तारा बदलून पाहा. मोगरा खरा असेल तर पडद्याआडूनही त्याचा वास येईल. आणि नाहीच आला, तर आपल्या नाकाला दोष देऊ नका. आधी खटका उघडा.