मोतद्दाराचं रक्त

"दंड सैल सोडा," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या, तरी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा दंड लाकडासारखाच राहिला. सुईला तो घाबरत नव्हता. शेजारच्या खणात त्याची घोडी कान टवकारून उभी होती आणि निकाल तिचा लागणार होता.

तबेल्यातला काळा घोडा तापाने मेला होता. त्याचा विषाणू माणसालाही लागतो, असा संशय होता. घोडीची पहिली तपासणी धड होकार देईना, धड नकार. दुसरा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत गेला होता. पण शर्यती तोंडावर आलेल्या, मालकाला थांबायला सवड नव्हती. मग ठरलं, दिवसभर तिला चिकटलेल्या या माणसाचं रक्त पाहायचं. त्यात विषाणू येऊन गेल्याची खूण दिसली, तर घोडीला इंजेक्शन देऊन संपवायचं.

हे ऐकून गडी खूश. "मला शिंक माहीत नाही, बाई. ती वाचलीच समजा." आजारी न पडणं ही त्याची आयुष्यातली एकमेव कमाई, आणि ती तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. घरी बायको वैतागून म्हणायची, मी या घोडीची सवत म्हणून नांदतेय.

रक्तात खूण निघाली. आजार कधीच येऊन गेला होता आणि या बहाद्दराला पत्ताही लागला नव्हता.

घोडी परक्याला जवळ येऊ देत नसे, म्हणून दावं त्यालाच धरायला लावलं. मालक गाडीच्या काचा वर करून बसला. मोतद्दाराने तिच्या कपाळावर हात ठेवला. त्याचा हात आहे म्हणून ती सुईला हललीसुद्धा नाही. ते त्याला सर्वांत जास्त लागलं.

पुढे एके दिवशी मॅनेजरने त्याला फाटकातच अडवलं, चार हात लांब राहून. दुसऱ्या नमुन्याचा निकाल आला होता. घोडी साफ होती. काळ्याची शेवटची सेवा यानेच केलेली, लागण तिथूनच झाली असणार. आता नवे घोडे येणार, तेव्हा याने तबेल्यात पाऊल टाकायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता. डॉक्टरीणबाई म्हणतात धोका नाही, पण मालकाला कोण समजावणार?

"साहेब, म्हणजे तिच्यापासून मला धोका नव्हता. माझ्यापासून तिला होता?"

"जाऊ दे ना आता," मॅनेजर म्हणाला आणि त्याने फाटक लावून घेतलं.

वाटेत दुकानापुढे एक घोडागाडी उभी होती. घोड्याने ओळख असल्यासारखी मान पुढे केली. मोतद्दाराने रस्ता ओलांडला आणि तो पलीकडच्या कडेने घरी चालू लागला.