कवटीचे दात

एकाहत्तर वर्षांच्या माणसाले नाटकात नायक करणारं मंडळ रायपुरातच सापडेल. काय करता! इथल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मराठी पोट्ट्यांना मराठी समजते, पण बोलतात हिंदीत. चार पानं मराठी पाठ म्हणणारा मीच उरलो. नाटक जुनं, विलायती, सुडाचं. राजा नायकाच्या बायकोले मारतो, अन् हा पठ्ठ्या सात वर्षं तिची कवटी उराशी धरून शेवटी सगळ्यांचे मुडदे पाडतो. स्वतःही मरतो, ते वेगळं.

दिग्दर्शक शिशिर मले समजावून राहिला होता, "श्रीपादकाका, कवटी म्हणजे मृत्यूचं प्रतीक. राणी असो की मोलकरीण, शेवटी सगळे सारखेच."

"सारखे म्हणे! तुझं डोंबल," मी म्हटलं. "तुझी बायको माहेरी गेली तर शेजारीण चालते का तुले?"

तो हसला. मी नाही हसलो. आमची ही जाऊन अडीच वर्षं झाली. मले न विचारता तिनं मेडिकल कॉलेजात देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होता. "मेल्यावर पोरांच्या कामी पडीन," म्हणे. पोरांच्या! अन् मी? लोक राजिमले संगमावर अस्थी नेतात, रडून मोकळे होतात. माझ्या हाती चिमूटभर राखही आली नाही. तिचं काहीतरी एकदा हातात धरावं, एवढंच मागून राहिलो होतो मी.

कवटी आणली शिशिरच्या भाचीनं, निधीनं. डॉक्टरकी शिकते पोट्टी, त्याच कॉलेजात. खोकं माझ्या हाती देऊन म्हणाली, "अंकल, घर ले जाइए, प्रॅक्टिस के लिए."

मी खोकं उराशी धरलं. कॉलेज तेच ना! येडपट विचार होता, पण आला.

घरी दार लावून पहिले दात पाहिले. हिच्या पुढच्या दाताचा कोपरा बोराच्या आठोळीनं उडाला होता, हसली की दिसायचा. कवटीचे सगळे दात धड. बोटानं चाचपले, तरी धडच. मग कवटी मांडीवर घेऊन असा रडलो की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी तालमीत निधीले विचारलंच, "कोणाची आहे गं ही?"

"प्लास्टिक की है, अंकल. ऑनलाइन मंगाई."

हात्तिच्या मारी! मग मी तिले हिच्याबद्दल सगळं सांगितलं. पोट्टीचा चेहरा उतरला.

"पर अंकल, पढ़ाई के बाद दाह-संस्कार होता है. जो परिवार मांगता है, उसको अस्थियाँ देते हैं. देहदान के दिन पूछते हैं ना."

विचारलं होतं. आत्ता आठवलं. त्या दिवशी क्लार्कनं विचारलं, अन् मी रागात बोललो, "ठेवा तुम्हीच. तिले तुम्हीच पाहिजे होते." तिनं मले विचारलं नाही ना, मग जा, असं मनात होतं. मेलेल्या बायकोवर सूड उगवला होता मी! अन् भोगून कोण राहिलं? मीच.

"आता मिळेल का?"

निधीनं कॉलेजात विचाराले फोन काढला. "आंटी का नाम?"

उभ्या संसारात मी हिले नावानं हाक मारली नव्हती. 'ऐकून राहिली का' म्हणायचो. आता पहिल्यांदा म्हटलं, "मंदाकिनी."

ती बराच वेळ फोनवर "जी, जी" करत राहिली. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"पिछले महीने हो गया, अंकल. बारह लोगों का, एक साथ. राख महानदी में छोड़ दी."

शिशिर म्हणाला, "काका, आज तालीम राहू द्या." मी ऐकलंच नाही. सगळ्यांसमोर ओरडलो, "मंदाकिनी! अवो, एक महिना थांबता नाही आलं का तुले?"