हक़-ए-शुफ़ा आणि डब्यातली साखर

नरही मोहल्ल्यातलं आमचं घर आणि किदवईसाहेबांचं घर यांची ड्योढी, म्हणजे देवडी, एकच. फाटकातून आत आलं की आठ हात बोळ, मग डावीकडे ते, उजवीकडे आम्ही. आमचं घर माझ्या नावावर, कारण कर्ज मी नोकरी करते त्या बँकेचं. चौऱ्याण्णव साली किदवईसाहेब लेकीकडे अलीगढला जायच्या गोष्टी करू लागले आणि त्यांच्या घरावर एका लग्नाच्या बँडवाल्याचा डोळा आहे असं कळलं. बावीस वादक, दोन ढोल, आणि सराव आमच्या सामाईक ड्योढीत. तसं झालं तर मला घर तरी सोडावं लागणार होतं, नाहीतर माझी शुद्ध तरी हरपणार होती.

हजरतगंजातल्या निगम वकिलांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला आणि म्हणाले, "मैडम, आपका तो हक़-ए-शुफ़ा बनता है." म्हणजे वाट सामाईक असेल तर तिऱ्हाइताच्या आधी घर घेण्याचा हक्क शेजाऱ्याचा, आणि तोही तिऱ्हाइताने दिलेल्याच भावात. मोहल्ल्याचा जुना रिवाज आहे, हिंदू-मुसलमान सगळ्यांना लागू, असं त्यांचं म्हणणं. अट एवढीच, की घर विकल्याची खबर कानावर पडताच तिथल्या तिथे मोठ्याने हक्क मागायचा. मग दोन साक्षीदार घेऊन विकणाऱ्याच्या दारात तेच पुन्हा म्हणायचं. मध्ये घोटभर पाणी प्यायलं तरी हक्क गेला.

"और बिकने से पहले एक लफ़्ज़ नहीं," निगम म्हणाले. "आप पूछेंगी तो दाम चढ़ेगा."

मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. आठ महिने मी तोंड शिवून बसले. किदवईसाहेब दर रविवारी चहाला यायचे, कप खाली ठेवून म्हणायचे, "अब इतना बड़ा मकान हम दो बूढ़ों के किस काम का." आणि माझ्याकडे बघत राहायचे. मी म्हणायचे, "हाँ अंकल, और गर्मी भी कितनी है." डिसेंबरातही मी हेच म्हणाले.

माझा नवरा उल्हास औषधसंशोधनात शास्त्रज्ञ. घराला आग लागली असं त्याला सांगितलं तर तो आधी तापमान विचारेल. त्यामुळे हक्क त्याच्या नावावर नाही हे बरंच झालं, असं मी त्याला दोन-तीनदा ऐकवलंही होतं. हक्क मागायचं वाक्य मी भाजी चिरताना मोठ्याने म्हणायचे, चेक पास करताना मनात म्हणायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी किदवईसाहेबांच्या बेगमसाहिबा बर्फीचा डबा घेऊन आल्या. "बेटी, मुँह मीठा करो. मकान बिक गया, कल रजिस्ट्री हो गई."

मी म्हटलं, "अरे वा, मुबारक हो, खाला." डबा घेतला. बर्फी ताटलीत काढून देवापुढे ठेवली, नमस्कार केला. डबा घासला, पुसला. माहेरच्या वळणाप्रमाणे रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून त्यात वाटीभर साखर घातली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. त्या गेल्या. मी एक बर्फी तोंडात टाकली आणि मगच मला निगम वकिलांची अट आठवली.

उल्हास पेपर बाजूला करून शांतपणे म्हणाला, "ते वाक्य राहिलं ना? मला वाटलं, आधी देव आणि मग वाक्य, असा काही क्रम असेल."

त्याच्याशी नंतर भांडू म्हणून मी त्याचा दंड धरला. फाटकाशी भाजीवाला भैया कोबी रचत होता, त्यालाही सोबत घेतलं. दोन साक्षीदार झाले. किदवईंच्या दारात उभी राहून, तोंडातली बर्फी गिळून, मी घडाघडा म्हटलं, "मैं इस मकान की पहली हक़दार हूँ और अपना हक़ माँगती हूँ."

बेगमसाहिबा डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आतून किदवईसाहेब काठी टेकत आले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते दाराजवळच्या लाकडी तख्तावर बसले.

"ये तो हर इतवार तुम्हारे यहाँ यही सुनने आते थे," बेगमसाहिबा म्हणाल्या. "बैंडवाले को तीन दफ़ा लौटाया, चौथी दफ़ा दे ही दिया. कहते थे, शुभदा पूछ ले तो उसी को दे दूँगा, जो दे दे. ख़ुद कैसे कहते कि हमारा मकान ले लो."

उल्हास माझ्याकडे बघेना. भैया म्हणाला, "बीबीजी, अब हम जाएँ?" मी मान हलवली. निगम वकिलांनी साखर आणि देव वगळून दावा उभा केलाच असता, पण मला त्यांची पायरी चढायची इच्छा राहिली नव्हती. मला नुसती लाज वाटत होती. किदवईसाहेबांनी सरकून तख्तावर मला जागा करून दिली आणि बेगमना म्हणाले, "बच्ची को पानी दो, इतना लंबा जुमला बोली है."