माथ्यावरचा विळा

आल्प्समधल्या त्या डोंगराच्या माथ्यावर गाय चढू शकत नाही. तिथलं गवत माणसानेच लांब दांड्याच्या विळ्याने कापायचं, भारे बांधायचे आणि तारेवरून खाली सोडायचे. कापलं नाही, तर हिवाळ्यात त्या गवतावरून बर्फ घसरतो तो थेट गावावर. रीत जुनी आणि सरळ. ऑगस्टच्या ठरल्या दिवशी सकाळची घंटा झाली की चढायला लागायचं. जो माथ्यावर आधी विळा रोवून आरोळी देईल, त्याचं त्या वर्षीचं गवत. एकतीस वर्षं ते अगाथाचं होतं आणि त्याचा तिला ताठा होता. का नसावा?

यंदा गुडघ्याने दगा दिला. माथा शंभरेक पावलांवर आला असताना ती मटकन खाली बसली. सोबत लेक होती, रेगुला. झुरिकच्या ऑफिसातून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली. मागून शेजारचा मेल्खियोर दणादण चढत येत होता.

"काय अगाथाकाकू, बसलात? यंदा तुमचं गवत माझ्या गाई खाणार बरं का!"

"पचायचं नाही त्यांना," अगाथा फणकारली.

आपला विळा तिने आजवर कुणाच्या हाती दिला नव्हता, नवऱ्याच्यासुद्धा. तिने तो क्षणभर मुठीत आवळला, मग लेकीपुढे धरला.

"जा. आणि माझ्याकडे वळून बघत बसू नकोस."

रेगुला निघाली. शेवटचा चढ तर बकरीसारखा चढली. मेल्खियोर चार पावलांवर असताना तिने विळा रोवला, आणि गप्प उभी राहिली! शहरात राहून ओरडायची लाज वाटायला लागली होती पोरीला. आरोळीशिवाय हक्क नाही. मेल्खियोरने हसत आपला विळा खांद्यावरून उतरवला.

"अगं कार्टे, तोंड उघड! ऑफिस नाही ते!" अगाथा खालून कडाडली.

रेगुलाने डोळे मिटून आरोळी दिली. पहिली चिरकली. दुसरी मात्र अशी निघाली, की समोरच्या डोंगरावरच्या गवतकाप्यांनी हात थांबवून तिला उत्तर दिलं.

मेल्खियोरने टोपी काढली. "काकू, गवत तुमचंच."

"माझं नाही." अगाथाचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "रेगुलाचं आहे. तिला विचार, भारे बांधायला माणूस हवाय का."