साखळीचा मंगळवार

मेरिअल स्टॅलर्ड नेहमीप्रमाणे उजाडता उजाडता खाली आली. स्वयंपाकघरातली लोखंडी शेगडी रात्रभर धुगधुगत असे. तिची राख तिने खालच्या कप्प्यातून ओढून काढली, वर ॲशच्या झाडाची दोन लाकडं ठेवली आणि किटली तापत्या बाजूला सरकवली. टॅन्सी, तिची म्हातारी करडी कुत्री, टोपलीतून एक डोळा उघडून पाहत होती. बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजल्याशिवाय उठायचं नाही, हा तिचा नियम. मेरिअलने पाव भाजला, जळालेली कड सुरीने खरवडून टाकली आणि त्यावर संत्र्याचा कडसर मुरंबा लावला. चहाचा दुसरा कप ओतून झाल्यावर तिने मागल्या दाराआडच्या खिळ्यावरून साखळी काढली, वर्तमानपत्रावर पसरली आणि कुलपात शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोडले.

फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार होता. वर्षातला हा एकच दिवस रानातली वाट बंद असे.

रान तिच्या आजोबांपासूनचं. घरामागच्या उतारावर पसरलेलं, ओक, ॲश आणि हेझलचं, हिवाळ्यात सारी पानं झाडून उभं राहणारं. गावाची एक पायवाट त्याच्या मधून जाई, या टोकाच्या फाटकापासून पलीकडच्या कुंपणाच्या लाकडी पायऱ्यांपर्यंत. गावाने ती वापरावी, याला स्टॅलर्ड घराण्याची कधीच हरकत नव्हती. पण कुणी न अडवता लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं चालत राहिले, तर ती वाट लोकांची होते आणि मालकाला ती पुन्हा बंद करता येत नाही. म्हणून वर्षातून एक दिवस साखळी. मेरिअलचे वडील जमिनीची मोजणी करणारे, आणि त्या पेशाला शोभेल अशा काटेकोरपणे ते हा दिवस पाळत. "फाटक उघडं आहे ते आपण उघडं ठेवलंय म्हणून," ते म्हणत. "एवढंच वर्षातून एकदा सांगायचं. भांडण नको, तंटा नको." ते गेल्यावर साखळी मेरिअलकडे आली.

फोन वाजला. ब्रिस्टलहून जाइल्स, तिच्या भावाचा मुलगा.

"आत्या, आज मंगळवार आहे हं."

"कॅलेंडर आहे माझ्याकडे. गेल्या नाताळात तूच दिलंयस. कुत्र्यांचं."

"रागावू नकोस गं. चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधते, असं तूच सांगतेस ना? म्हणून आठवण केली."

"साखळीला तेलच घालतेय. तुझ्या नादात अर्धं वर्तमानपत्राने प्यायलं."

जाइल्स हसला, आणि मग नेहमीच्या विषयावर आला. रान पुढे त्याच्याकडेच जायचं होतं. तिथे दोनचार लाकडी झोपड्या बांधाव्यात, शहरातल्या शिणलेल्या माणसांना आठवडाभरासाठी द्याव्यात, असं त्याच्या मनात होतं. बेत वाईट नव्हता. त्यात फक्त गावाची वाट बसत नव्हती.

"लोक शांततेसाठी येणार, आणि खिडकीसमोरून कुणीतरी चिखलाचे बूट वाजवत जाणार. पुढेमागे बंद करावी लागेल आत्या. तेव्हा अडचण नको, एवढंच."

मेरिअलने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाचा तिचा लाडका होता. त्याने मग नव्या नोकरीची, घराच्या गळत्या छपराची हकिगत सांगितली, तिनेही ती मनापासून ऐकली, आणि फोन ठेवेपर्यंत चहा गार झाला होता.

त्यामुळे ती फाटकापाशी पोचली ती दर वर्षीपेक्षा बरीच उशिरा. पलीकडच्या टोकाची पाटी तिने आदल्या संध्याकाळीच लावली होती. इथे तिने खांबाभोवती साखळीचे दोन वेढे घेतले, कुलूप दाबलं आणि 'आज वाट बंद' ही वडलांच्या अक्षरातली पाटी अडकवली. टॅन्सी फाटकाखालून सरळ आत गेली आणि एका ओकच्या बुंध्याची चौकशी करू लागली.

"हिला वाचता येत नाही वाटतं," मागून आवाज आला.

लेनर्ड प्रॉसर उभा होता. गावाची बस चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. निवृत्त होऊनही आता खूप वर्षं झाली होती. डोक्यावर सपाट टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत सरपणाच्या बारीक काटक्या, दुधाची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"मिस्टर प्रॉसर! तुम्ही आज कुठे निघालात?"

"रोज जातो तिथेच. एडनाकडे."

एडना ही त्याची थोरली बहीण. रानापलीकडच्या छोट्या घरात ती एकटी राहत असे. लेनर्ड रोज सकाळी रानातून तिच्याकडे जातो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण साखळीच्या दिवशी तो घरीच बसत असणार, असं मेरिअल इतकी वर्षं धरून चालली होती. ती साखळी घालून लवकर परतत असे. तिला तो या दिवशी कधी दिसलाच नव्हता.

"पण आज तर…"

"आज रस्त्याने. दर वर्षी या दिवशी रस्त्यानेच जातो." जणू पावसात छत्री घेतो असं सांगावं, तशा सुरात तो म्हणाला.

"त्या रस्त्याने? तिथे चालायला जागा तरी आहे का? दुधाचे टँकर जातात तिथून!"

"जातात खरे. गेल्या वर्षी एकाने माझी टोपी नेली. परत आणून दिली हो, भला माणूस."

मेरिअलने खिशातून किल्ली काढली. "हे बघा, मी साखळी काढते. तुम्ही रानातून जा."

"छे छे." लेनर्ड दोन पावलं मागे सरला. "घातलीस ना? मग बंद म्हणजे बंद."

"मी मालकीण आहे. मीच सांगतेय."

"तुझे वडीलही एकदा म्हणाले होते, या, प्रॉसर, तुम्हाला काय! मी नाही म्हटलं. एकाला सोडलं की बंदला अर्थ काय राहिला? उद्या कुणी म्हणेल, प्रॉसर त्या दिवशीही जात होता. मग तुझी वाट गेली की हातची!" तो काठीवर रेलला. "परवा त्या नवीन बिऱ्हाडकरूंनाही बजावलंय. शाळेजवळ राहतात ते, तीन कुत्री असलेले. म्हटलं, वर्षभर चाला, पण मंगळवारी रानाकडे फिरकायचं नाही. स्टॅलर्डांचा दिवस आहे तो. बाई माझ्याकडे बघतच राहिली."

मेरिअलला हसूही आलं आणि काहीतरी टोचलंही. ज्यांच्यासाठी ही साखळी, तेच तिची राखण करत होते.

"बरं, मग मीही येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "रस्त्याने."

"तुला काय गरज? रान तुझं आहे."

"आज बंद आहे ना?"

टॅन्सीला हाक मारून दोघं निघाली.

रस्ता अरुंद होता. दोन्हीकडे काटेरी झुडपांचं उंच कुंपण, आणि दर वळणाला पुढचं काही दिसत नसे. लेनर्ड चालता चालता मध्येच थांबून कान देई. "आला," तो म्हणाला. "पाठ कुंपणात, पोट आत, टोपी हातात. चल!" टँकर घोंघावत गेला, त्याच्या वाऱ्याने टोपलीतल्या काटक्या थरथरल्या. मेरिअलने कुत्रीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. कुंपणातून सुटताना तिच्या कोटाची बाही टर्रकन फाटली.

"पहिल्या वेळी असंच होतं," लेनर्ड समजुतीने म्हणाला. "मग सवय होते."

वयाची ऐंशी जवळ आलेला हा माणूस दर वर्षी या कुंपणात पाठ खुपसून उभा राहतो. आणि ती तेव्हा घरी, शेगडीपाशी, एक काम उरकल्याच्या समाधानात बसलेली असते.

एडना अंगात जाड कोट घालून, मांडीवर उशी घेऊन खुर्चीत बसली होती. घर गारठलेलं होतं.

"अगंबाई, मालकीण रस्त्याने? रान विकलंस की काय?"

"नाही, एडना. तुमच्या भावाने आत येऊ दिलं नाही मला."

"तो कुणाला येऊ देतोय!" एडनाने हात पुढे केले. बोटं सांध्यांशी सुजून एकमेकांवर वळली होती. "सप्टेंबरपासून हे असं. आगकाडीही ओढता येत नाही. मी याला काल सांगितलं, उद्या साखळी आहे, येऊ नकोस. एक दिवस कोट घालून काढीन. पण ऐकेल तर शपथ."

"कोट घालून बसणार, आणि चहा कशावर करणार? बडबडीवर?" लेनर्ड गुडघ्यावर बसून काटक्या रचत होता. "बडबडीने पाणी उकळलं असतं तर तुझ्या घरी कधी लाकूड लागलं नसतं."

"बघितलंस? असं बोलतो रोज. म्हणून तर माझी तब्येत टिकून आहे."

काटक्यांनी पेट घेतला. फडक्यातून मनुकांचा केक निघाला. तिघांनी शेगडीभोवती बसून चहा घेतला, आणि एडनाने मेरिअलची फाटलेली बाही बघून आपल्याला शिवून देता येत नाही म्हणून दोनदा हळहळ केली. खिडकीतून रानाची पलीकडची कड दिसत होती. उघड्या फांद्यांवर वसंताआधीची जांभळट झाक चढली होती.

निघताना दोघं रानाच्या पायऱ्यांपर्यंत आली. लेनर्डने टोपी जरा वर केली. "तू जा रानातून. मी रस्त्याने येतो."

मेरिअल पाटीसमोर उभी राहिली. मग तिने दोरीची गाठ सोडली, पाटी काढली आणि काखेत धरली.

"या," ती म्हणाली.

"दिवस संपायचाय अजून."

"दिवस माझा आहे, असं तुम्हीच म्हणालात ना? मी तो संपवला."

"मेरिअल, एका म्हाताऱ्याची दया येऊन असलं काही करू नकोस. एकदा चुकवलीस की सवय मोडते."

"तुमच्यावर दया कोण करेल? टँकरवालेसुद्धा तुम्हाला भितात." ती पायरी चढली. "आणि चुकवत नाहीये मी. आजपासून साखळी घालायचीच नाही. मोजा आता वीस वर्षं."

"म्हणजे तुला शहाऐंशीपर्यंत जगावं लागेल."

"जगेन की."

"आणि सकाळी तू थोडा वेळ घातली होतीस, ती धरायची की सोडायची?"

"देवा! तुम्ही बाबांपेक्षा वाईट आहात, मिस्टर प्रॉसर."

त्याने काठी तिच्या हातात दिली, टोपली कोपरात अडकवली, आणि कठडा धरून सावकाश पायऱ्या ओलांडल्या.

रानात वारा नव्हता. हेझलच्या डहाळ्यांवर पिवळे तुरे लोंबत होते. खांदा लागला की त्यांतून पिठासारखी धूळ उडे. कुजलेल्या पानांच्या थरातून निळ्या घंटाफुलांची हिरवी टोकं सुयांसारखी वर आली होती. ती फुलायला अजून दोन महिने होते, पण सारी जमीन आतापासूनच तयारीला लागलेली. कुठेतरी उंचावर सुतार पक्षी वाळल्या खोडावर ठोके देत होता. मेरिअल वाटेकडे बघत चालली. दोन्ही बाजूंना काटेरी वेलींनी पार पावलापर्यंत हात पसरले होते आणि नेमके तिथेच थांबले होते. वाटेवर शेवाळसुद्धा धरलं नव्हतं. ही वाट स्टॅलर्डांपैकी कुणी कधी साफ केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"जाइल्सला काय सांगशील?" लेनर्डने विचारलं. त्याला गावातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक असत.

"खरं तेच. आज संध्याकाळीच. झोपड्या ओढ्यापलीकडे बांध म्हणेन. तिथून ही वाट दिसतही नाही. कुरकुर करेल आधी."

"सरकारदरबारी लिहून दिलं तर वाट एकदम गावाची होते म्हणे. वीस वर्षं थांबायला नको."

"तसंही करता येईल. पण त्याच्याशी बोलल्यावाचून नाही. रान उद्या त्याचं आहे. साखळी मात्र आज माझी आहे."

लेनर्डने मान हलवली. थोड्या अंतरावर तो वाटेवर पडलेली एक फांदी काठीने बाजूला सारायला थांबला. ते तो रोजच करत असावा, कारण बाजूला तशा फांद्यांचा छोटा ढीग झाला होता.

फाटकापाशी मेरिअलने कुलूप उघडलं. तेल चांगलं मुरलं होतं. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. तिने वेढे सोडवले, साखळी गोळा करून कोटाच्या खिशात टाकली आणि दुसरी पाटीही काढून पहिलीवर ठेवली. टॅन्सी आधी बाहेर गेली, मग लेनर्ड.

"उद्या येतो," टोपीला हात लावून तो म्हणाला.

"उद्या वाट उघडीच आहे," ती म्हणाली.

तो गावाकडे वळला. मेरिअलने फाटक ओढून घेतलं, गुरं शिरू नयेत एवढीच कडी टेकवली, आणि एका बाजूने ओढला जाणारा कोट सावरत घराची वाट धरली.