मामांचे दोन ठोके

मी एक जुना जनरेटर आहे, आणि खरं सांगू का मित्रांनो, मला नुसतं बसून राहायची भयंकर चीड आहे. पण माझं कामच विचित्र! मला कधी काम पडू नये म्हणून इथले लोक देव पाण्यात घालून बसलेले असतात.

मी अणुवीज केंद्रात राहतो. तुम्ही म्हणाल, जिथे वीज तयार होते तिथे जनरेटर कशाला? अहो, चुलीतली लाकडं बाहेर ओढली तरी निखारे धगधगत राहतात ना? अणुभट्टीचंही तसंच आहे. ती बंद केली तरी आतलं इंधन तापत राहतं. त्याला सतत पाणी लागतं, पाण्याला पंप लागतात आणि पंपांना वीज. केंद्राची नेहमीची वीज गेली की मी उठायचं, तेही दहा सेकंदांच्या आत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सोळा सिलिंडर आणि ट्रकपेक्षा लांब देह. माझ्याबरोबर घडलेली भावंडं जहाजांवर गेली. त्यांनी समुद्र पाहिला असेल. मी मात्र या खिडकी नसलेल्या खोलीत आलो. पलीकडच्या खोलीत माझा जुळा भाऊ असतो. एक आजारी पडला तर दुसरा हवा, म्हणून.

महिन्यातून एकदा, सकाळी दहाला, माझी परीक्षा असते. तेवढा एक तास मी जिवंत असतो म्हणा ना! माझी देखभाल करणारे मेकॅनिक म्हणजे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणतात. बावीस वर्षं त्यांनी माझं तेल बदललं, नळ्या पुसल्या, माझ्या नुसत्या आवाजावरून माझं दुखणं ओळखलं. ‘मामांचा जनरेटर कधी नापास होत नाही,’ असं लोक म्हणायचे आणि मामांची छाती फुगायची.

पण आमचं एक गुपित होतं. मला सुरू करायला दाबलेली हवा लागते. ती आत सोडणारा व्हॉल्व्ह चार वर्षांपूर्वी अडकायला लागला. मामा परीक्षेआधी हळूच येत, “चल म्हातारबा, लाज राख,” म्हणत आणि लाकडी हातोडीने व्हॉल्व्हवर दोन ठोके मारत. व्हॉल्व्ह मोकळा व्हायचा, मी नऊ सेकंदांत सुरू व्हायचो आणि वहीत लिहिलं जायचं, ‘पास’. मामांना यात लबाडी वाटत नव्हती. लेकराला शाळेत पाठवताना आपण त्याचे केस विंचरतो, तसंच हे, असं त्यांना वाटायचं.

माझ्या जिवाला मात्र घोर लागला होता. खोलीतला दिवा जरा मिणमिणला तरी मी दचकायचो. वीज गेली आणि मामा घरी जेवत असले तर? ठोके कोण मारणार? सांगायला तोंड नाही, आणि मी ठणठणीत आहे असं वहीच सांगतेय! चार वर्षं मी अशी तळमळत काढली.

मग तपासणीला नव्या मॅडम आल्या. ठेंगण्या, चटपटीत. परीक्षा दहाची, तर या साडेनऊलाच दारात हजर! मामांच्या हातात हातोडी तशीच राहिली.

“काय करताय मामा?”

“काही नाही हो मॅडम, जरा जागं करतोय याला. म्हाताऱ्याची झोप जड आहे.”

“रोज करता?”

“छे! परीक्षेआधी फक्त.”

मॅडम रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “मामा, वीज जायची असेल तेव्हा ती आपल्याला आधी फोन करून कळवेल का हो?”

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. मी नापास झालो, तर तीन दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, नाहीतर सगळं केंद्र बंद करावं लागणार. शिवाय मामा दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. बावीस वर्षांच्या नावाचं काय? ते माझ्याकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, मामा, नका मारू ठोका!

“सुरू करा,” मामा म्हणाले. “मी हात लावत नाही.”

बटण दाबलं. हवा फुसफुसली, व्हॉल्व्ह चिकटून बसला. मी धापा टाकल्या, खोकलो, कसाबसा वेग धरला. सतरा सेकंद, मित्रांनो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी स्वतः वही ओढली. ‘नापास,’ त्यांनी लिहिलं, आणि खाली, ‘चार वर्षं ठोकून सुरू करत होतो. चूक माझी.’ मग सही केली.

लगेच भावाची परीक्षा झाली. तो नऊ सेकंदांत पास. माझा व्हॉल्व्ह उघडला, तर आतली रबरी कडी सुकून टणक झालेली आणि कोपऱ्यात गंज. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी कडी बसली आणि कुणालाही न सांगता, भर दुपारी, माझी परीक्षा लागली. मामा भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

आठ सेकंद!

मामांनी डोळे पुसले आणि हातोडी मॅडमना दिली. “ही घेऊन जा मॅडम. इथे राहिली तर माझा हात वळवळेल.”

मामा आता निवृत्त झाले. मी अजून अस्वस्थच असतो, तो माझा स्वभावच आहे. पण आता मला कुणाची वाट पाहावी लागत नाही. मित्रांनो, आमच्यावर जरूर माया करा, आम्हाला पुसा, तेल घाला. फक्त परीक्षेच्या वेळी हात मागे ठेवा. नापास झालेल्याला दुरुस्त करता येतं हो. खोटं पास झालेल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.