आवळलेली नळी

सासऱ्यांनी गाडी भंगारात द्यायला होकार दिला, पण सुनेला ती हवी होती. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. उद्यापासून पहाटेची पाळी, आणि त्या वेळी तिकडे बस नसते. म्हणजे गाडी गेली की नोकरीही गेली. पण गाडी पाणी धरत नव्हती. रेडिएटर भरावा, तर चौकापर्यंत जाईतो तापमानाचा काटा लाल खुणेवर. दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते, आणि भंगारवाला आज दुपारी येणार होता.

सकाळीच तिनं बाह्या सरसावल्या. नवऱ्यानं विचारलं, नर्स झालीस की गाड्यांची डॉक्टर? रोगी बोलत नसला की तपासावंच लागतं, असं म्हणून तिनं त्याच्या हातात फडकं दिलं.

सासरे खुर्ची टाकून बसले. जन्मभर त्यांनी नळजोडणीची कामं केली होती आणि त्यांचा मंत्र एकच: गळतंय ना, मग अजून आवळा. घरातली बरणीसुद्धा त्यांना हाक मारल्याशिवाय कुणाला उघडत नसे.

इंजिन गार होतं. तिनं साऱ्या नळ्या पुसून कोरड्या केल्या, खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ओतायला घेतलं. थोडं आत गेलं, की भसकन बाहेर. नवरा म्हणाला, झालं, गेली. ती म्हणाली, ही हवा आहे, गळती नव्हे. तिनं जाड नळी मुठीत दाबली तसे बुडबुडे वर आले आणि पातळी खाली गेली. पुन्हा ओतलं, पुन्हा दाबलं. बुडबुडे थांबेपर्यंत तिनं काही हात सोडला नाही. मग झाकण लावून इंजिन चालू केलं.

थोड्याच वेळात कागद भिजला. बरोबर वर रेडिएटरचा सांधा होता, आणि मेकॅनिकांनी त्यालाच दोषी धरलं होतं. पण कोपरावरून रक्त ठिबकतं म्हणून जखम कोपरालाच असते असं थोडंच आहे? तिनं इंजिन बंद केलं आणि ते निवेपर्यंत पाय आपटत अंगणात फेऱ्या मारल्या. मग सगळं पुन्हा पुसलं, नळ्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि पुन्हा चालू केलं. या खेपेला पावडरीवर ओली रेघ उमटली. ती सांध्यापासून नळीच्या पोटाखालून मागे मागे जात थेट त्या खालच्या नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला, ती आवळून धरणाऱ्या क्लिपशी पोचली.

पुन्हा गार झाल्यावर पाणी काढून तिनं क्लिप सोडवली. क्लिपची पट्टी रबरात रुतून नळी चिरली होती. दर आठवड्याला, गळतं म्हणून, ती कोण आवळत होतं हे तिघांनाही ठाऊक होतं. तिला म्हाताऱ्याची दया आली आणि रागही आला. नवरा खुणेनं गप्प राहा म्हणत होता.

"बाबा, क्लिपनंच नळी कापली," ती म्हणाली. "फार आवळली गेली."

सासऱ्यांनी खुर्ची जवळ ओढली. तिनं चिरलेलं टोक कापलं. उरलेली नळी ओढून जेमतेम पुरली. ती चढवून तिनं क्लिप बेताची कसली आणि थांबली. सासऱ्यांचा हात सवयीनं पुढे आला होता. तो त्यांनी मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

पुन्हा भरणं, हवा काढणं, इंजिन चालू. काटा मधोमध येऊन थांबला. कागद कोरडाच राहिला. नवऱ्यानं तो उचलून बायकोला ओवाळल्यासारखं केलं, तेवढ्यात फाटकाशी भंगारवाल्याचा ट्रक येऊन उभा राहिला.

सासरे उठले. फाटकापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, "गाडी द्यायची नाही. उद्यापासून सून ती कामावर नेणार आहे."

परत येऊन ते बॉनेटपाशी वाकले आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"इंजिन गार झालं की वरची नळी पण सोडव," ते हळूच म्हणाले. "तीही मीच आवळलीय."